भरदिवसा वाकळीत

आई,

मी आडवी आहे. भरदिवसा, अकोल्याच्या घरी, तुझ्या जुन्या लुगड्यांच्या वाकळीत नाकापर्यंत गुरफटून. शाळेला नाताळची सुट्टी लागली आहे, खिडकीतलं ऊन थेट पायांवर येतं, उशाशी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आहेत. तुझा जावई ऑफिसला जाताना दार नुसतं लोटून जातो, म्हणजे कोणी आलं तरी मला उठावं लागू नये. बघणाऱ्याला वाटेल, काय थाट आहे! पलंगावर पडून उंटावरून शेळ्या हाकते. पण मला सातवा लागलाय आणि मध्यंतरी रक्त गेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, संक्रांतीपर्यंत तरी बाळ आत राहिलं पाहिजे, न्हाणीघरापलीकडे पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून मी आराम करते आहे आणि जिवाला आराम म्हणून नाही. पोटात जरा ओढ बसली की श्वास धरून पडते. जरा बरं वाटलं की तुझा आवाज ऐकू येतो, "निजून राहिली म्हून गेलं."

तू हे म्हणालीस तेव्हाही नाताळचीच सुट्टी होती, मी लहान होते. बडनेऱ्याच्या घरी मी तुझ्या कुशीत आहे. तुला चौथा महिना होता आणि दवाखान्यातल्या सिस्टरनं पडून राहायला सांगितलं होतं, पण यातलं काहीच तू बाबांखेरीज कोणाला कळू दिलं नव्हतंस. तू पडतेस, पण कशी? उशाशी धान्य पाखडायचं सूप, सुपात मूठभर ज्वारी. दाराची कडी वाजली की झटकन उठून बसतेस, वाकळ पायानं मागे सारतेस आणि सूप मांडीवर घेतेस. मला हसू येतं. तू डोळे वटारतेस. "दात काहून काढून राहिली? बाईमाणूस दिवसा निजलेलं दिसलं तं लोकं काय म्हणतीन?" तीच एक मूठ ज्वारी तू सगळी सुट्टी निवडत होतीस, तिच्यात खडा औषधालाही उरला नव्हता.

मग एका दुपारी समोरच्या घरातून आत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिच्या शब्दापुढे बाबाही जात नसत. "नळ आले, चाल," एवढंच म्हणाली. तू सूप खाली ठेवलंस आणि पाण्याचा पितळी गुंड उचललास. मी वाकळीतच राहिले, तुझ्या ऊबदार जागेवर हातपाय पसरून. संध्याकाळी तुला दवाखान्यात नेलं आणि बाळ गेलं. तू घरी आल्यावर पाण्याचं नाव कोणी काढलं नाही. तूच म्हणालीस, निजून राहिली म्हून गेलं. त्यानंतर तू जाईपर्यंत दिवसा तुझी पाठ टेकलेली मी पाहिली नाही. मला राग येतो गं. आत्याचा येतोच, पण त्याहून तुझा येतो. "आक्का, मले झेपत नाही," एवढं तिला बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

आणि तुला नावं ठेवणारी मी काय करते ते ऐक. वर्गातल्या मुलांचे सहामाहीचे पेपर कधीच तपासून झालेत, तरी गठ्ठा उशाशी ठेवलाय, वर लाल पेन. परवा दार ढकललं गेलं आणि मी कोपरावर अर्धी उठून गठ्ठा पोटावर ओढलासुद्धा. दारात आत्या. आता कंबरेतून वाकली आहे, इथे अकोल्यातच नातवाकडे असते, त्यानंच रिक्षातून आणून सोडली होती. ती पलंगाच्या काठावर टेकली, हात वाकळीखाली सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ठेव ते कागदं," ती म्हणाली. "तुही माय बी असंच सूप घेऊन बसे. मी बाजूले बसो तं गादी गरम लागे मले."

"तुले माईत होतं, आत्या? मंग काहून नेलं तिले पाण्याले?"

"पोटाचं नोतं माईत. तिनं सांगतलंच नाही." मग म्हणाली, "मले वाटे, आराम करून राहिली. मले कोनी निजू देल्लं होतं का कधी, का मी तिले निजू देऊ?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तेवढ्यात बाहेर नळ आले. आमच्याकडे आता पाणी कधी येईल याचा नेम नसतो, शेजारणी हाका मारायला लागल्या, बादल्या वाजल्या. माझे पाय आपोआप पलंगावरून खाली गेले.

"पाय वर घे," आत्या म्हणाली. "मी भरतो."

तिनं पदर खोचला आणि गेली. अंगणातल्या ड्रममध्ये पाणी पडल्याचा आवाज मी पडल्या पडल्या ऐकत होते. दर बादलीनंतर ती थांबायची, धापा टाकायची, कंबरेवर हात ठेवून परत वाकायची, सगळं खिडकीतून दिसत होतं. राहू दे, असं म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण मी पेपरांचा गठ्ठा पलंगाखाली सारला, वाकळ गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि ड्रम भरेपर्यंत तिला भरू दिलं.

हा कागद वाकळीच्या घडीतच राहील. तुझा पत्ता असता तरी पाठवला नसता. म्हातारं माणूस पाणी भरतंय आणि पोरगी लोळून राहिली, म्हणून तू रागावली असतीस. पण आई, मला बरं वाटलं.