निरोपाला वाजणारा बँड

मिरकाब, कुवेत

प्रिय अभिनव,

सप्रेम नमस्कार. तुझी, वहिनींची आणि घरामागच्या लिंबाच्या झाडाची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. (झाडाचे फोटो तू रोज पाठवतोस, स्वतःचा एकही नाही, म्हणून झाडाबद्दल खात्री जास्त.) इकडे सगळे ठीक. अक्षराला बरं आहे का विचारलं की ती ‘फाइन, बाबा’ म्हणते आणि पुन्हा हेडफोन चढवते.

तू ज्या अ‍ॅडलेडला जाऊन बसलास तिथंच आपले ‘पॅडक फोर’ बँडवाले साठच्या दशकात जन्मले, तेव्हा त्यांचा इतिहास मी तुला सांगू नये. पण सांगतो. चार पोरं, चर्चच्या हॉलमध्ये सुरुवात. पहिला ड्रमर बापाच्या मेंढ्या सांभाळायला परत गेला, तर लगेच एका न्हाव्याच्या मुलाला बसवलं. गिटारवाल्याचं गायकाशी फाटलं, त्याच्या जागी गायकाचा मेहुणा आला. मग गायकच लंडनच्या बोटीत चढला आणि उरलेल्यांना तारेनं कळवलं. बेसवाला तेवढा शेवटपर्यंत टिकला (बेसवाल्याला दुसरीकडून बोलावणं येत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो). एवढं होऊनही रेकॉर्ड वेळेवर निघाली, कारण त्यांच्यात कुणी गेलं की दुसरा येऊन वाजवायला लागायचा. शाल नाही, श्रीफळ नाही, भाषणं नाहीत.

आपल्या चौघांच्या बँडनं त्यांची गाणी उचलली, पद्धत मात्र इथल्या आपल्या मराठी मंडळाची ठेवली. गणपतीत इंग्रजी गाणी नकोत म्हणून आपल्याला वेळ मिळाला तो निरोप समारंभात, भाषणं आणि जेवण यांच्या मधला. आणि निरोप कुणाचा, तर पहिलाच आपल्या उदयचा. हॉस्पिटलातली नोकरी सोडून तो कॅनडाला निघालेला, ड्रम आधीच विकलेले. अंगावर शाल, मांडीवर नारळ अशा थाटात तो खुर्चीत बसला आणि आपण तिघं वाजवत असताना त्या नारळावर बोटांनी ताल धरत राहिला. पुढचा निरोप अलिनाचा. वसईची ही नर्स आयर्लंडला निघाली, तेव्हा कीबोर्ड झाकलेला आणि ती खुर्चीत रडतेय. लोकांना वाटलं, आपलं गाणं रंगलं.

मग तू. खैरानचा तो समुद्राकाठचा बंगला, वारा सुटलेला, आणि मंचावर मी एकटा बेस घेऊन. तू एक तरी गाणं म्हणू दे म्हणालास, तर आपल्या अध्यक्ष ताराताईंनी तुझ्या हातातला माइक काढून घेतला. ‘सत्कारमूर्तीनं जागचं हलायचं नाही,’ त्या म्हणाल्या. तुझे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माझं तिसरं गाणं संपल्यावर एकानं येऊन विचारलं, कार्यक्रम कधी सुरू होणार.

तेव्हा हसलो होतो, आता हसू येत नाही. शुऐबाला आमच्या कंपनीच्या रिकाम्या गोदामात इतके शुक्रवार आपण चौघांनी सराव केला, पण लोकांसमोर चौघं एकत्र एकदाही उभे राहिलो नाही. दर वेळी एक जण खुर्चीत. आता ते गोदामही भरलंय. बेस पलंगाखाली आहे आणि मला तुमची फार आठवण येते. असो. वहिनींना नमस्कार, लिंबाला पाणी.

तुझा,
अनुप

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. कंपनीनं आता मलाही नारळ दिलाय. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी माझा निरोप समारंभ आहे. उदयनं तिकीट काढलं, अलिना वसईहून परतताना इथं उतरतेय. तूही ये. सत्काराच्या खुर्चीत माझ्याऐवजी बायको म्हणून रसिका बसेल, ताराताईंकडून तसं कबूल करून घेतलंय. मी वाजवणार.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात कंपनीचं मन बदललं. नोकरी राहिली, इथं राहण्याचा परवाना, इकामाही वाढतोय, म्हणजे मी कुठंही जात नाहीये. रसिका म्हणते, ताराताईंना आजच फोन करून समारंभ रद्द करा. मी केलेला नाही. तूही कुणाला बोलू नकोस, फक्त ये. शाल नंतर मंडळाला परत करीन. नारळ मात्र ठेवून घेतोय, उदयकडे ड्रम नाहीत.