त्या मशीनला सांगितलंस

इचोडा,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय चंदा,
अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. कापसाची पहिली वेचणी झाली. मागच्या वाफ्यातल्या वांग्यांना अळी लागली, उपटून टाकली. गाय आटली आहे.

दिवाळीला आठ दिवस म्हणून मंचेरियलला मुलाकडे गेलीस, महिना होत आला. हे रोज जेवताना विचारतात, “चंदा काऊन नाही येऊन राह्यली?” मी म्हणते, नातू सोडत नसेल.

खरं कारण मला ठाऊक आहे. फोनवर बोलले नाही, कारण तुमच्याकडे फोन सगळ्यांच्या मधोमध ठेवून बोलतात. पत्र मराठीत आहे. तुझा जीवन तेलुगू शाळेत शिकला, सुनेला मराठी येत नाही. त्या घरात हे तुझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

इंग्रजी शाळेतल्या नातवाशी बोलता यावं म्हणून तुला इंग्रजी हवं होतं. मी शिकवते म्हटलं, बी.ए. कशाला झाले मग! तू म्हणालीस, “नको मोठ्याबाई, तुमी रागावता.” बरं. माझ्या लेकीला, हर्षालीला विचारून मीच माझ्या फोनमध्ये ते एआय घेतलं. तू बोलायचं, त्याने व्याकरण सुधारायचं. दुपारचा फोन तुझा. हे तर म्हणालेसुद्धा, “बरं झालं, त्या मशीनले तरी तुहा धाक नाही.” आपण दोघीही हसलो होतो.

नवरात्राच्या आधी एकदा मी बाजारातून लवकर परतले. तू पाठमोरी बसून गवार निवडत होतीस, फोन सुपाशेजारी. घरातल्या माणसांविषयी सांग, असं त्याने इंग्रजीत विचारलं. तू मोडकंतोडकं जुळवत म्हणालीस, मोठ्या जावेची भीती वाटते. ती घरी नसली की मी पोटभर जेवते.

त्याने वाक्य सरळ करून दिलं, शाबासकी दिली आणि म्हणालं, आणखी सांग.

आणि तू सांगत गेलीस! मुलाकडे कायमचं जायचंय, पण जावेपुढे तोंड उघडत नाही, हेही. मी पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभी. मग मागच्या मागे फिरले आणि मारुतीच्या पारावर बसून राहिले. संध्याकाळी तूच मला चहा दिलास, नेहमीसारखा.

जीवन पोटात होता तेव्हापासून आपण एका चुलीवरचं जेवतो. सासूबाईंना उलट उत्तरं मी द्यायचे, तू माझ्या मागे उभी राहून पदरात हसायचीस. मी समजत होते, तू माझ्या बाजूची. भांडली असतीस तर मीही भांडले असते, दोन दिवसांत संपलं असतं. मला एक शब्द नाही, आणि कुठल्या कोण मशीनला सगळं?

फोन माझाच आहे. बाकीचं काय सांगितलंस, तेही त्यात असेल. मी उघडून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. चंपाषष्ठीला रोडगे करणार आहे, तेव्हा ये. समोर बस, मराठीत बोल. मी मध्ये बोलणार नाही. त्यानंतर जीवनकडे कायमचं जायचं तर जा, तुझी पेटी मी स्वतः भरून देईन. पण असं आठ दिवसांचं नाव सांगून नाही.

शेजारचा पंढरी ट्रक घेऊन तिकडे निघाला आहे. त्याच्याजवळ हे पत्र, ज्वारीचं पीठ आणि तुला आवडतो तो ठेचा देते आहे.

पोटभर जेव. मी तिथे नाही.

तुझी मोठी जाऊ,
जयवंता