ओढ्याच्या अलीकडं

गुरुजी, एकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत दुसऱ्यानं तोंड उघडलं की तुम्हाला राग यायचा. मलाही येतो. आज मी सभांमधून बोलते. लोक टाळ्या वाजवतात, शिव्याही देतात. ऐकून मात्र कुणी घेत नाही. अशा वेळी तुमचा शनिवार आठवतो.

शनिवारी शेवटचा तास बोलण्याचा. एकानं उभं राहून बोलायचं. ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, त्यानं मान हलवली की मगच पुढं. जिंतूरकडच्या आपल्या गावात, सातवीच्या वर्गात, तरटाच्या पट्टीवर बसून आम्ही हे शिकलो. पुढं शिक्षणावरची जाडजूड पुस्तकं वाचली. वर्ग सांभाळण्याची याहून चांगली रीत कुठं सापडली नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमची बौद्धांची वस्ती पेटवली गेली. शाळा पुन्हा भरल्यावर पहिल्याच शनिवारी मी उभी राहिले. सांगितलं, की छप्पर पावसानं ओलं होतं म्हणून धुमसत धुमसत जळालं. की आई पिठाचा डबा काढायला आत गेली आणि तिचे हात भाजले. मागून मॉनिटर म्हणाला, "लय झालं हिचं रडगाणं." वर्ग हसला. त्याचा चुलता त्या रात्री कुठं होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तुम्ही छडी उचलली नाहीत. "बोलायचंय ना तुला? मग ती काय म्हणाली ते आधी सांग."

"मला न्हाई येत, गुरुजी."

"येतं. आम्ही थांबलोय."

घंटा होईपर्यंत तो उभा होता. सोमवारी शाळेत आलाच नाही. संध्याकाळी तुम्ही त्याच्या दारी गेलात, दुसऱ्या दिवशीही, सबंध आठवडा. त्याच्या ओसरीवर बसून चुलत्याचं वाट्टेल ते ऐकून घेतलंत आणि पोराला परत आणलंत. शनिवारी तो भिंतीकडं बघत म्हणाला, "छप्पर ओलं होतं, ती म्हणाली. तिची आई पिठाचा डबा काढाया गेली आन् हात भाजले." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी मान हलवली. उत्तर न देताच तो खाली बसला.

असा शिक्षक नशिबानं मिळतो, असं मीच भाषणांतून सांगते. पण गुरुजी, घर माझं जळालं होतं आणि तुम्ही त्याच्या दारी गेलात. आमची वस्ती ओढ्यापलीकडं, शाळेतून हाक ऐकू यावी इतकी जवळ. तो सबंध आठवडा आई भाजल्या हातांनी दारापुढची राख लोटायची, आगीतून वाचलेली एकच बाज अंगणात टाकायची. "त्याच्याकडं गेलेत म्हंजी आपल्याकडं बी येतेत की," म्हणायची. तुमची भाड्याची खोली गावात होती, मालक त्या चुलत्याच्याच माणसांतला, हे आता कळतं. कळतं, पटत नाही. दुखावलेल्या पोराच्या घरी जावं हे ज्याला समजत होतं, त्याला ओढा तेवढा का ओलांडता आला नाही?

कितीदा तुम्हाला खडसावायला मनात उभी राहते. पण तुमचाच नियम आडवा येतो. आधी तुमचं म्हणणं माझ्या तोंडानं सांगायला हवं, आणि मला ते येत नाही, गुरुजी. म्हणून हे पत्र असंच राहील. तुम्ही गेलात, आईही गेली. तरी एकदा ओढा ओलांडून या. बाजेवर बसा. आणि सांगा.