मागच्या पायावरचे केस

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! माडीवरची खोली मिळाली, उजेड भरपूर. चित्रं काढणारीला आणखी काय हवं? मालक दोघे सख्खे भाऊ. मी त्यांना मनातल्या मनात थोरले आणि धाकटे म्हणते. तीस वर्षं दोघे माश्यांच्या एकाच कुळामागे लागलेत. माशी तिळाएवढी, पाठीला कुबड. सूक्ष्मदर्शकाखाली पंखाच्या शिरा बघायच्या, मागच्या पायावरचे केस मोजायचे आणि जात ठरवायची. मी ते हुबेहूब काढायचं. चहा थोरल्यांनी स्वतः करून दिला.

५, बुधवार
भाऊ एकमेकांशी बोलतच नाहीत! एकाच टेबलाशी बसून निरोप माझ्यामार्फत. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. भांडण एका केसाचं. थोरल्यांच्या ग्रंथात जात एकच, चार केसांची. धाकटे म्हणतात, पाच केसांची वेगळी जात त्यातच मिसळलीय.

१०, सोमवार
दोनशे माश्या मी स्वतः मोजल्या. एकशेबारांना पाच केस. जेवताना बोलून गेले. धाकट्यांनी डोळे पुसले, पोरी, जिंकलीस म्हणाले. थोरले भरल्या ताटावरून उठले.

११, सकाळ
थोरले चिमट्याने त्या एकशेबारा माश्यांचा पाचवा केस उपटत बसले होते. धाकट्यांनी मनगट धरलं. थोरल्यांनी पितळी सूक्ष्मदर्शक उचलून त्यांच्या तोंडावर घातला. पुन्हा. पुन्हा. दात माश्यांच्या पेटीत उडाले. मी मध्ये पडले, तर चिमटा माझ्या डाव्या तळव्यातून आरपार. मग शांतपणे म्हणाले, उजवा शाबूत आहे ना, बस, चार केसांचं चित्र काढ.

दुपार
दाराला बाहेरून कडी. खिडकीला गज. धाकटे फरशीवर, घशात घरघर. चित्र झालं की डॉक्टर आणतो, थोरला म्हणतो. काढले. चारच काढले. खोटं काढलं—

तीन वाजता
चित्र घेऊन गेला. डॉक्टर नाही. चित्र परत आणून दिलं, आता शाईने पक्कं कर म्हणतो, खाली सही कर. धाकट्यांचा हात धरून बसलेय. गार पडत चाललाय

घरघर थांबली.
गेले.

आता कुणासाठी खोटं काढू? पाच काढले. शाईने. सही केली. कागद गजांतून रस्त्यावर टाकला— एका बाईने उचलला— वर बघतेय— ओरडले, पण

कडी काढतोय. हातात तोच पितळी