होडीचं हाड

बाबा,

तुमची ती खादीची पिशवी माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर आईने लंडनचं, स्टॅनमोरचं घर आवरताना टाकायला काढली होती, मी ब्रिस्टलला घेऊन आले. आत तुम्ही उजव्या मनगटाची म्हणायचात ती आठ हाडं. मेडिकलला असताना सीनियरकडून मिळालेला हाडांचा बाकीचा संच तुम्ही पुण्यातच कुणाला देऊन टाकलात, एवढी मात्र लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत घालून इंग्लंडला आणलीत. रविवारी जेवणं झाली की पिशवी किचन टेबलावर यायची. डोळे मिटायचे, हात आत घालायचा, एक हाड चाचपायचं, त्याचं नाव सांगायचं आणि ते शेजारच्या कुठल्या हाडाला टेकतं तेही. जमलं की तुम्ही फक्त "बरोबर" म्हणायचात. त्या एका शब्दासाठी मी जीव टाकायचे.

अडायचं ते अंगठ्याखालच्या स्कॅफॉइडपाशी. आकारावरून तुम्ही त्याला होडी म्हणायचात. एका रविवारी जवळच्या हॅरोचं डॉक्टर जोडपं जेवायला आलेलं आहे आणि तुम्ही हौसेने पिशवी काढता. मी पंधरा-सोळा वर्षांची. होडी हातात येते, मी ती उलटसुलट फिरवते आणि म्हणते, "बाबा, ही ह्या हाताची नाहीये. शेजारच्याला टेकतच नाही. डाव्या हाताची वाटते." तुम्ही चष्मा काढून ठेवता. "हाडावर खापर फोडू नकोस. तुझ्या बोटांना कळत नाही, ते कबूल कर. सर्जरी तुझ्याच्याने व्हायची नाही." पाहुणे कसंनुसं हसतात. आई सगळ्यांना शिरा वाढते.

आणि मी ते खरं मानलं. डॉक्टर झाले, पण चाकू हातात धरला नाही. रेडिऑलॉजीत आले, अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या हाडांची चित्रं बघायला. मला हेच आवडतं असं सगळ्यांना इतकी वर्षं सांगत आलेय की आता कुणी विचारतही नाही.

मागच्या महिन्यात एका छोट्या म्युझियमने आमच्याकडे एक ममी स्कॅनला पाठवली. सुकून खारीक झालेली, गुडघे पोटाशी घेतलेली, दोन्ही हातांना लांबलचक तीन-तीन बोटं. कुठल्याशा वाळवंटात सापडली म्हणे, आणि माणसाची नाहीच म्हणे. ती बघायला लोक रांगा लावत होते. म्युझियमचे म्हातारे क्युरेटर सोबत आले होते, हॅट हातात धरून बसले होते. तुम्हाला आठवतो तो एक्स-रे लावून बघायचा लाइटबॉक्स आता गेला, सगळं स्क्रीनवर दिसतं. मी सरळ मनगटावर गेले. बोटं कापता येतात, कातडं ओढून चिकटवता येतं, पण मनगट गप्प बसत नाही. नसलेल्या दोन बोटांसाठी सांध्याच्या गुळगुळीत जागा तशाच होत्या. बनवणाऱ्याने मनगट उसकटून पुन्हा रचलं होतं, आणि रचताना उजव्या हातात डावी होडी कोंबली होती. शेजारच्या हाडाला ती टेकतच नव्हती. ती मी क्युरेटरना स्क्रीनवर दाखवली.

"म्हणजे खोटी?" ते म्हणाले.

"हाडं खरी आहेत. कुणातरी गरिबाची असतील, कापून जोडलेली."

घरी येऊन पिशवी टेबलावर ओतली. ह्या वेळी डोळे उघडे ठेवून. होडी डाव्या हाताची होती, बाबा. मी आईला फोन केला. "अगं हो," आई म्हणाली, "इकडे येताना एक हाड हरवलं होतं ना, मग ह्यांनी मित्राकडून पुण्याहून दुसरं मागवलं. त्याने नेमकं डाव्या हाताचं पाठवलं. केवढे चिडले होते! तू आज कुठून काढलंस हे?" मी म्हटलं, सहज.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी बरोबर आहे हे कळत असताना तुम्ही चष्मा काढून ठेवलात. इथल्या हॉस्पिटलात तुम्हाला शेवटपर्यंत कन्सल्टंट, म्हणजे मुख्य सर्जन, केलं नाही, तुमच्याकडून शिकलेली गोरी पोरं तुमच्यावर साहेब होऊन बसली, हे मला कळतं. पण त्याची भरपाई माझ्याकडून का? पाहुण्यांसमोर "हो, हे हाड बदली आहे" एवढं म्हणायला काय जात होतं? माझ्या बोटांना कळत होतं, बाबा. तुमच्यापेक्षा कमी नाही. मला तुमचा फार राग येतो, आणि भांडायला तुम्ही नाही म्हणून अजून येतो.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून पिशवीतच ठेवीन. एक मात्र सांगते. काल मी पुन्हा डोळे मिटून पिशवीत हात घातला. होडी बोटांना लागली, तशी मी मोठ्याने म्हटलं, "डावी." आणि वेड्यासारखी वाट बघत बसले, तुम्ही "बरोबर" म्हणाल म्हणून.