माझ्या नावाचा संडास

३ फेब्रुवारी, सोमवार
काल सकाळी बापाला एनिमा दिला.
इतकी वर्षं कॅज्युअल्टीत ब्रदर आहे, हे काम किती जणांचं केलं त्याला गणती नाही. आण्णांचं पहिल्यांदा.
थोरल्या दादानं म्हसवडकडून विट्यामार्गे गाडी हाणत आणलं. लघवी तुंबलेली. आण्णा पोट धरून, घामानं ओले. डॉक्टर मॅडमनी नळी घातली. पिशवी भरत गेली तसा चेहरा सुटत गेला. मला वाटलं, झालं. पण मॅडम तिथं थांबणाऱ्या नव्हेत. का तुंबली ते बघायचंच. दादाला गाडी नीट लावायला पाठवलं आणि तपासलं. मळाचा पार दगड झालेला. त्यानंच लघवीची वाट दाबलेली.
कधीपासून, विचारलं. आण्णा छताकडे बघत राहिले.
आधी एक्स-रे. आतड्यात अडथळा नाही याची खात्री झाली, मगच मॅडम माझ्याकडे वळल्या.
आण्णा म्हणाले, "दुसरं कोण बी चालंल. तू नगं."
ड्यूटीवर मी आणि दोन सिस्टर. आण्णांनी तिकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "मग तूच कर."
पडदा ओढला. ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी मनात सिद्धनाथाचं नाव घेतलं, तर तेच नाव ते तोंडानं घेत होते.
तासाभरानं चहा मागितला. "लय हलकं वाटतंय गड्या. करडागत उड्या माराव्या वाटत्यात."
मग बाही धरून जवळ ओढलं. दादाला लघवीचंच सांग, बाकीचं हितंच ऱ्हाऊ दे.
मॅडमनाही तेच सांगितलं असणार. दादा शहाळं घेऊन आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, लघवी अडकली होती, सुटली. पुन्हा अडकू नये म्हणून हे पातळ औषध आणि भरपूर पाणी. यात खोटं काही नाही.
दादा फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. तिथंच हुकूम सोडला, आण्णा, रोज तांब्याभर पाणी जास्त. आण्णा म्हणाले, व्हय.

७ फेब्रुवारी
आण्णा आमच्याकडेच, सांगलीत. परवा नळी काढली. लघवी आपोआप. देवाची कृपा.
आमच्या खोल्यांचा संडास मागच्या बोळात, भाडेकरूंत मिळून एक. सौ.ला त्याचीच लाज वाटत होती, आण्णांना दादाच्या नव्या बंगल्याची सवय म्हणून. पण आण्णा पहाटे बादली घेऊन जातात नि गुणगुणत येतात. रोज.
सौ. म्हणाली, औषधाचा गुण. असेल. पण आज औषध संपलेलं, आणायचं राहिलं. तरी गुणगुणत आले.

९ फेब्रुवारी, रवि.
सुट्टी. आण्णांना घेऊन घाटावर. कृष्णा संथ. पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. मॅडमनी शुक्रवारी विचारलं होतं, इथं होतं नि तिथं होत नाही, तर तिथं वेगळं काय आहे? तेच विचारलं.
बराच वेळ टरफलं पाण्यात टाकत बसले. मग सांगितलं.
वहिनी हॉलमध्ये शिलाईचा क्लास घेतात. पोरी पहाटेच येतात, शेतात जायच्या आधी. संडासाचं दार हॉलमध्येच, जिन्याखाली. मागचा जुना पाडून तिथं दादानं गाडीची शेड केली.
"दाराला हात लावला की सगळ्या मशिनी गप. धा डोळं वर. आन सूनबाई लय गुणाची हाय रं, म्हणून तर. पोरींच्या म्होरंच इचारती, मामा, झालं का नीट?"
मग ते थांबतात. पोरी जातात दहा वाजता. तोवर कळ मेलेली असते. आणि जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायचं बंद केलेलं.
दादाला का सांगत नाही, म्हटलं.
"बर्फात हुबा ऱ्हाऊन त्यानं ते घर बांधलंय. त्या घरात बापाला हगायला जागा न्हाई म्हणू व्हय?"
दादाला सांगणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं, नदीकडे हात करून.

११ फेब्रुवारी
डे ड्यूटी. हळदीचा हंगाम. मार्केटयार्डातला एक हमाल पोट धरून आला, अपेंडिक्स फुटलं म्हणून रडत. मॅडमनी दाबून, विचारून, तपासून बघितलं. दिवसभर पोती, पाणी नाही, त्यात कंबरेसाठी कुणीतरी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या. त्या गोळ्यांनीही कोठा धरतो. औषध, एनिमा. बाहेर आला तो नाचतच, आणि साऱ्या कॅज्युअल्टीला सांगत सुटला. खाटेच्या दांड्यावर हळदीचे पिवळे पंजे. सफाईच्या मावशी म्हणाल्या, लग्नघर केलं मेल्यानं. पुसताना हसत होत्या.
त्याच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा. यांचंही 'पोट साफ नाही'. पण पोट ढोलासारखं, उलट्या, वाराही सरत नव्हता. पोरगा म्हणत होता, त्या हमालाला दिला तसाच द्या की. मॅडम म्हणाल्या, याला हात लावायचा नाही. सर्जनना फोन. आतड्याला पीळ.
शिकाऊ डॉक्टर गप्प झाले. एरवी बद्धकोष्ठाची केस आली की त्यांना हसू आवरत नाही.

१३ फेब्रु.
आजोबा वॉर्डात. ऑपरेशन सुखरूप. सुनेला सांगत होते, ही उशी अशी ठेव, तशी नको. तक्रार करतोय म्हणजे माणूस जगला.
संध्याकाळी दिवा लावताना मनात आलं, बाकीचे लोक देवाकडे पोरगं, नोकरी, पाऊस मागतात. मी रोज एकच मागतो. आत अडकलेलं सुखानं बाहेर येऊ दे. देवालाही एव्हाना पाठ झालं असेल.

१६ फेब्रुवारी, रवि.
आण्णांना काल गावी सोडलं. मुक्काम केला मुद्दाम, सकाळचं बघायचं म्हणून.
घर खरंच देखणं. दादानं पुन्हा एकदा गच्चीपर्यंत दाखवलं. फरशी कुठली, खिडक्या कुठल्या. मी मनापासून कौतुक केलं.
आज रविवार तरी पोरी आल्या, पाडव्याच्या ऑर्डरी आहेत. मशिनींचा आवाज म्हणजे गिरणीच. मी चहा घेतला, मला लागली. दाराला हात लावला.
मशिनी थांबल्या.
वहिनी लांबून म्हणाल्या, "भावजी, लाईटचं बटण भायेर हाय." दहा डोळे वर.
आत गेलो. मशिनी बंदच. बाहेर सगळं थांबलं, आतही सगळं थांबलं. पाणी ओतून तसाच बाहेर आलो. आण्णा ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघितलं आणि उपरण्यात तोंड घालून हसले. इतके हसले की ठसका लागला. दादा विचारतोय, काय झालं, काय झालं.
जाताना दादाला म्हटलं, मागे परसात एक साधा संडास असावा, म्हाताऱ्या माणसाला बरा. दादा उखडला. "लोकं काय म्हणतील? सुभेदारानं बंगला बांधला आन बापाला भायेर काढला. आत कमोड हाय, धरायला दांडी हाय. काय कमी हाय?"
कमी काहीच नाही.

२४ फेब्रु.
आण्णांचा फोन. बरा हाय म्हणाले. आवाज ओढलेला. पाणी पिता का? ऊन वाढलंय म्हणाले. सौ.नं फोन घेतला, तिला म्हणाले, पितो की, घोटभर.
मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, पुन्हा तसंच होईल. पुन्हा नळी, या वयात जंतू झाले तर अवघड. औषध लिहून देईन ब्रदर, पण तुमच्या घराचं दार मी कसं हलवू?

२ मार्च, रवि.
दिवसभर तेच डोक्यात. शब्द मोडला तर आण्णा मला तोंड दाखवणार नाहीत, आणि दादा आयुष्यभर त्या दाराकडे बघून खंत करत बसेल. शब्द पाळला तर आण्णा पुन्हा खाटेवर. त्यातून पुढं काय होतं ते मी रोज बघतो.
वहिनींना हळूच सांगावं? त्या रडतील. क्लास बंद करतील. त्या पोरींचं काय.
संध्याकाळी देवळात जाऊन बसलो. तिथं एक पुजारी फुलं झाडत होता. काही सुचलं नाही. घरी येताना सायकलवर सुचलं, आणि एकट्याला हसू फुटलं.
त्रास मला आहे म्हणायचं.
खोटं? नाही. त्या सकाळी माझं अडकलं होतं. साक्षीला दहा डोळे आहेत.

९ मार्च, रवि.
झालं. बोललो.
दुपारी पंगत. दादा, आण्णा, मी, वाढायला वहिनी आणि सौ. खाली बघून म्हटलं, दादा, मला एक अडचण आहे. हॉलमध्ये माणसं असली की मला होत नाही. म्हणून मी यायचं टाळतो. मागे एक बांधू दे.
दादाचा घास हातात राहिला. मग जो हसत सुटला. "आरं, सगळ्या सांगलीची पोटं मोकळी करतोस आन तुझंच बूच बसलंय व्हय?"
वहिनींनी पदरात तोंड लपवलं. सौ. माझ्याकडे बघतच राहिली, तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, आवं भावजी, तुमी आल्यावर मी क्लासला सुट्टी देते की. नको म्हटलं. तुम्ही सुट्टी दिली की पोरींना कळणारच का दिली ते. त्यावर पुन्हा हशा.
आण्णा ताटाकडे बघत भाकरी कुस्करत होते. मान वर न करता बोलले.
"बांध रं दादा. पोराला तरास व्हतोय."
दादा म्हणाला, बांधू. पाव्हण्यांसाठी म्हणून बांधू. मग काय लाजायचं.
परत येताना गाडीत सौ. रुसलेली. साऱ्या गावात होणार म्हणाली. विट्याच्या पुढं आल्यावर खरं कारण सांगितलं. घरात पाऊल टाकल्यावर म्हणाली, पाणी देऊ?

१६ मार्च, रवि.
सौ.चं खरं झालं. गावात एसटीतून उतरलो तर पानपट्टीवाल्यानं हाक मारून एरंडेल सुचवलं. वाण्यानं त्रिफळा. गुरुजींनी कोमट पाणी, उकिडवं बसून. एकजण म्हणाला, रेड्याला देत्यात ती मात्रा घे.
पण मजा पुढं. चावडीपासून घरापर्यंत तिघांनी वेगवेगळं बाजूला घेतलं. इकडं तिकडं बघून, आवाज बारीक करून. ब्रदर, तुमच्यापाशी म्हणून सांगतो, मला बी. एकाला रक्त पडतंय, तरी वर्षभर गप्प. त्याला म्हटलं, हे औषधानं दाबायचं नाही, उद्याच्या उद्या तपासायला ये. येतो म्हणाला. लाज एकानं काढून ओट्यावर ठेवली की बाकीच्यांनाही जरा मोकळं वाटत असावं.
परसात पाया घेतलाय. शेवग्याच्या अलीकडे. गवंडी दार घराकडे ठेवत होता. आण्णा काठी टेकत गेले. "दार माळाकडं कर. आन खिडकी अंमळ वर. आन धरायला दांडी दोनी बाजूला." गवंडी म्हणाला, आण्णा, तुमी कशाला उन्हात. आण्णा म्हणाले, पोराचं हाय, नीट व्हाया पायजे.
कमोडपुढं पाय टेकायला बुटका पाटही सांगितला. मॅडमनी सुचवलेला. आण्णांनी तो स्वतः उंची मापून करायला सांगितला. माझ्या पायांसाठी.

२३ मार्च
फोनवर दादा. भिंती झाल्या, पत्रा टाकला. दार सुतार उद्या बसवतोय. आण्णा दिवसभर तिथंच असत्यात, म्हणाला, तुझी लय काळजी त्यास्नी.
पाणी पितात का विचारलं. ते का इचारतोस सारखं, म्हणाला. काही नाही, उन्हाळा आहे.

३० मार्च, रवि. पाडवा
काल संध्याकाळी पोचलो. दादानं नारळ फोडला. सगळे उभे. "पयला मान तुझा." आत गेलो, कडी लावली, बाहेर सगळी वाट बघत उभी. कसं व्हावं. बाहेर आल्यावर दादानं टाळी वाजवली.
रात्री मी अंगणात आण्णांच्या खाटेशेजारी अंथरूण घातलं.
आज फटफटीत उजाडायच्या आत आण्णा उठले. तांब्या भरला. आधी त्यातलं पाणी उभ्यानं प्यायले, घटाघटा. पुन्हा भरला. माझ्या अंथरुणापाशी थांबले.
"तुझ्या संडासाची कडी नीट बसतीया का बघून येतो."
"बघा," म्हटलं.
शेवग्याकडे गेले. दार लागलं. कडी बसली.
वहिनी गुढीसाठी अंगण सारवायला बाहेर आल्या. आण्णांच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. मागे शेवग्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मला वाटलं, आता विचारणार, मामा, झालं का नीट. मी उठायला लागलो.
त्यांनी शेणाची पाटी ठेवली, हात धुतले आणि आत गेल्या. आज क्लासला सुट्टी, एकही पोरगी आलेली नाही. तरी आत एक मशीन सुरू झालं. चांगलं जोरात.
त्यांना कळलं? केव्हापासून? विचारणार नाही.
मी पाय मुडपून ओट्यावर बसलोय, हे लिहितोय. दादा आत गुढीची कळकाची काठी पुसतोय. बांधायचं ठरवलं, बांधून झालं. गावाच्या लेखी माझा.
आण्णा अजून आत आहेत.