तीन पिल्लं आणि सहा सेंटिमीटरचं दार

२ मार्च
आजपासून रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. लहानपणी, शाळेत जाण्याआधी बाबांनी घरीच अक्षर गिरवून घेतलं, तेव्हापासून त्यांचा नियम आहे की कागदावर खोटं लिहिलं की अक्षर बिघडतं. माझं अक्षर चांगलं आहे.

जिन्याखाली, स्कूटरच्या मागे, मांजराची तीन पिल्लं सापडली. डोळे नुकतेच उघडलेले. त्यांची आई परत येईल म्हणून पाच तास समोरच्या पायरीवर बसून राहिले. आली नाही. दादाचं म्हणणं, मी तिथे बसले होते म्हणूनच आली नसेल. दादाला प्राण्यांतलं काही कळत नाही.

पिल्लं माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आहेत. तात्पुरती. नावं द्यायची नाहीत. नाव दिलं की माणूस अडकतो. एक, दोन, तीन.

३ मार्च
आईला कळलं. खण ओरडत होता. आई म्हणाली की या घरात आधीच एक रिकामी मधपेटी आणि दोन रिकामटेकडी मुलं आहेत, आता आणखी काही नको. मी शांतपणे मुद्दे मांडले. (दादा म्हणतो, हुंदके देत मांडले.) शेवटी ठरलं: ३० तारखेपर्यंत गच्चीवर पिल्लांचं स्वतःचं घर तयार झालं, तर ती राहतील. नाही झालं, तर तिन्ही देऊन टाकायची आणि रडायचं नाही. मी लेखी सही दिली. रडायचा प्रश्नच कुठे येतो? मी नुसती सांभाळणारी आहे.

मधपेटी बाबांची. रिटायर झाल्यावर त्यांनी मधमाश्या पाळायचा कोर्स केला. पेटी आली, जाळीची टोपी आली, धूर सोडायचं यंत्र आलं. माश्या आल्या नाहीत. बाबा रोज सकाळी टोपी घालून पेटीसमोर चहा पितात. प्रत्येक घोटाला जाळी वर करतात.

४ मार्च
सुतारकाकांना बोलावू, असं आई म्हणाली. मी नको म्हटलं. एका रविवारचं तर काम आहे. व्हिडिओतली बाई बावीस मिनिटांत बांधते आणि मध्ये तिला फोनही येतो.

दाराचं माप घेतलं. तीनला पट्टीसमोर धरून डोकं मोजलं. साडेचार सेंटिमीटर. मोकळीक धरून दार सहा सेंटिमीटर. एवढ्या दारातून बाहेरचा बोका शिरू शकत नाही. माप दोनदा घेतलं, वहीत लाल पेनने चौकट केली. अशा बारकाव्यांनीच कामं होतात.

८ मार्च, रविवार
चार भिंती कापल्या. तीन एकसारख्या. चौथी स्वतंत्र विचारांची निघाली. घर थोडं कललेलं होईल. पाणी ओघळून जायला बरंच.

१० मार्च
काल ड्रिलने प्लायवुडला भोक पाडलं. खालच्या जेवणाच्या टेबलालाही पडलं. लहानसं आहे. त्यावर मिठाची बरणी ठेवली. आईने विचारलं तर सांगायचं ठरवलं. आईने विचारलं नाही. हे खोटं बोलणं होत नाही, पण दुपारी घास उतरेना म्हणून ऑफिसातून फोन करून सांगून टाकलं. आईला कालच समजलं होतं. म्हणाली, मीठ आपल्याकडे कधी मखरात बसलेलं नसतं.

१३ मार्च
मी ऑफिसला असताना पिल्लं दुपारभर उपाशी असतात, तरी प्रत्येकाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलंय. माझ्या सकाळच्या ड्रॉपरचं प्रमाण किती अचूक असेल.

तीनला हल्ली भोपळा म्हणते. हे नाव नाही. वर्णन आहे.

१५ मार्च, रविवार
घर होणारच आहे. तरी जबाबदार माणसाने दुसरी सोय बघून ठेवावी. पिल्लं नेणाऱ्यांसाठी फॉर्म तयार केला. तीस प्रश्न, तीस गुण. अठ्ठावीसच्या खाली पिल्लू मिळणार नाही.

आज तीन अर्जदार आले. इलेक्ट्रिशियन: घराला बाल्कनीच नाही, मग पिल्लू बाल्कनीतून पडेल कसं, असं उलट मलाच विचारलं. मोकळ्या हवेचे गुण कापले. समोरच्या काकू: चौदाव्या प्रश्नाला उठून गेल्या. जाताना म्हणाल्या की त्यांच्या लग्नाच्या वेळीसुद्धा इतकी चौकशी झाली नव्हती. लायब्ररीतला माणूस: एकोणतीस गुण. पण उत्तरं फार पटापट दिली. संशय आला. नाकारला.

दादा म्हणतो, इन्स्पेक्टर, तुला ती द्यायचीच नाहीत. साफ चूक. मी निःपक्षपाती आहे.

२२ मार्च, रविवार
छत बसलं. आता पाणी आत जाऊ नये म्हणून काहीतरी लावायला हवं. रंगाचा वास पिल्लांच्या नाकाला वाईट. नैसर्गिक काहीतरी हवं. बाबांच्या डब्यात जुन्या पोळ्याचं मेण आहे, कोर्सच्या सरांनी दिलेलं, कशासाठी ते बाबांनी कधी सांगितलं नाही. घेतलं. बाबा झोपले होते म्हणून विचारलं नाही, पण डब्यात चिठ्ठी ठेवली: घेतलं आहे, कारण चांगलं आहे. आईच्या जुन्या कढईत पातळ करून आतून बाहेरून दोन हात दिले. कढई जुनी आहे हे माझं मत. आईचं वेगळं आहे.

२६ मार्च
घर पूर्ण. चार दिवस आधी.

उद्घाटनाला सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. एकला दारासमोर सोडलं. नाक आत गेलं. बाकीचं पिल्लू बाहेर राहिलं. दोनचा एक पंजा गेला, नख्या आतल्या लाकडात रुतल्या, तो बाहेर काढायला मला आणि बाबांना दहा मिनिटं लागली. भोपळ्याने प्रयत्नच केला नाही. छतावर चढून झोपला.

तीन आठवड्यांत पिल्लं एवढी वाढतात हे कोणीतरी सांगायला हवं होतं. दादा म्हणाला, सांगितलं असतं, पण त्याला वाटलं दार अजून कापायचंय आणि हे वायर आत घ्यायचं भोक आहे.

उपाय सोपा आहे. उद्या रजा, करवत घेऊन दार मोठं करायचं.

२७ मार्च, सकाळी ११
दार मोठं करता येणार नाही. घरात राहायला आलेत.

करवत घेऊन वर गेले तर घर गुणगुणत होतं. आधी वाटलं, शेजारचा पंप. मग दारातून माशी आली. मग चाळीस. मी जिन्यात कशी पोचले ते लिहिण्यासारखं नाही. बाबा मात्र टोपी न घालता पाच फुटांवर मांडी घालून बसलेले, चहा निवलेला. म्हणाले की अंधारी पोकळी, लहान दार आणि जुन्या मेणाचा वास, राणीमाशीला एवढंच लागतं. ते मेण ते पेटीला लावणारच होते. सहा महिने उद्या लावू म्हणत होते.

मी म्हटलं, बाबा, यांना पेटीत हलवा, घर पिल्लांचं आहे. बाबा म्हणाले, बाळा, आत्ता हात लावला तर उडून जातील. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्यांनी मी दहावी पास झाले तेव्हाही केलं नव्हतं. करवत खाली नेऊन ठेवली.

सुतारकाका बघून गेले. म्हणाले, भिंती वाकड्या आहेत, पण माश्या गुण्या लावून काटकोन बघत नाहीत.

बाबांच्या रिकाम्या पेटीत पिल्लं ठेवता येतील का, तेही तपासलं. तिचं दार एक सेंटिमीटर.

२९ मार्च, रविवार
उद्या मुदत संपते. आईकडे आणखी आठवडा मागितला. सही दाखवली तिने.

तरी एक रास्त मार्ग उरतो. फॉर्म मी स्वतः भरला. अर्जदार: मी. खरं तेच लिहिलं. तीसपैकी अकरा. पुन्हा तपासलं. साडेअकरा. नाकारला. नियम सगळ्यांना सारखा.

लायब्ररीतल्या माणसाला फोन केला. उद्या संध्याकाळी पाचला येऊन तिन्ही नेतो म्हणाला, तेही आनंदाने. डोळे चुरचुरताहेत. भुशाने असेल. करवत बुधवारनंतर चाललेली नाही, पण भुसा बराच वेळ हवेत राहतो.

३० मार्च, सकाळी
टेबलावर एक भरलेला फॉर्म. अर्जदार: आई.

थट्टा असेल असं वाटलं. तरी रीतसर तपासायला बसले. खाण्याच्या वेळा मिनिटांसकट. त्यात दुपारी एकचं आणि चारचं दूधही आहे, जे मला माहीत नव्हतं. कुठल्या पिल्लाला कुठल्या कानामागे खाजवलेलं आवडतं, ते. राहायची जागा: स्वयंपाकघरातला खालचा ओटा, त्यावरचे डबे आठवड्यापूर्वीच हलवले आहेत. एकोणतीसपैकी एकोणतीस.

तिसावा प्रश्न: पिल्लांना धोका होईल अशी कोणी व्यक्ती घरात आहे का?

आईने लिहिलं होतं: आहे. मुलगी. लक्ष ठेवते.

यावर अर्धा तास विचार केला. काही पर्याय नाही. उत्तर खरं आहे, आणि खऱ्या उत्तराला गुण द्यावाच लागतो. तीसपैकी तीस. अर्ज मंजूर केला. लायब्ररीतल्या माणसाला नकार कळवायचं काम अर्जदाराने माझ्याकडे दिलं आहे.

पिल्लांना भेटायची वेळ विचारली. संध्याकाळी सहा ते सात. हात धुऊन यायचं, येताना हत्यार आणायचं नाही.